द्राक्षबागेत राहिलेली ओटी

आम्ही वणीला चाललोय, असं मी बायकोला न विचारता सांगून टाकलं, आणि तिथून सगळं बिघडत गेलं.

विचारणारी होती आमच्या समोरच्या घरातली बाई. सुरतेत भेस्तानला आमच्या सोसायटीत आमचं दार आणि तिचं दार समोरासमोर आहे. दिवसभर ती दारात बसून साड्यांचं धागा कटिंग करते. विणून आलेल्या साडीचे सुटे धागे कातरीने कापायचे, घडी घालायची, गठ्ठा बांधायचा. त्यामुळे आमच्याकडे कोण आलं, कोण गेलं, दुधाची पिशवी फुटली की नाही, हे तिला आमच्याआधी कळतं. त्या दिवशी मी गाडीची हवा तपासून आलो होतो आणि माझ्या हातात नवी पाण्याची बाटली होती. तेवढं तिला पुरलं.

"कुठं, सर?" तिने विचारलं.

आता खरं काय होतं ते सांगतो. आमची मुलगी पुण्याला असते. तिने आमच्यासाठी नाशिकच्या अलीकडे, दिंडोरीच्या बाजूला, कादवा नदीच्या काठी तीन दिवसांचं राहणं ठरवलं होतं. तिथे वाइनच्या द्राक्षांच्या बागा आहेत, आणि बागांमधून, नदीकाठाने पायी फिरायला वाटा आखलेल्या आहेत. सोप्या, सपाट. चढ नाही, पायऱ्या नाहीत. मुलीने कागद पाठवला, मी तो छापून आणला. पहिल्याच पानावर लाल वाइनने भरलेला हा एवढा मोठा ग्लास. मी तो कागद घरी येईपर्यंत वर्तमानपत्रात गुंडाळून आणला.

हसू नका. मी लिंबायतच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं शिकवलं. त्यातली वीसएक वर्षं दारूबंदीच्या प्रभातफेऱ्या काढल्या. घोषणा मी लिहायचो, पोरं ओरडायची. ज्यांच्या घरासमोर आम्ही ओरडायचो त्या घरातले बाप आत झोपलेले असायचे, हे मला माहीत होतं आणि पोरांनाही. आणि या समोरच्या बाईचा नवरा लूमवर कापड विणायचा, तो पोटलीतली, प्लॅस्टिकच्या पिशवीत मिळते ती, दारू पिऊन गेला. त्याच्या दहाव्याला मी चार शब्द बोललो होतो. काय बोललो ते आठवत नाही, पण बरंच बोललो असणार, कारण तेव्हापासून ती मला फार मानते. तिला मी काय सांगणार होतो? की तुझ्या काकूंना घेऊन वाइनच्या बागेत हवा खायला चाललोय?

रस्ता तोच होता. सापुताऱ्यावरून खाली उतरलं की वणी लागतेच. म्हणून म्हटलं, "वणीला."

तिची कातरी थांबली. तोंडावर जे काही आलं ते बघून मी बाटली दुसऱ्या हातात घेतली. खानदेशातल्या माणसापुढे वणीचं नाव काढणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं. मी स्वतः धुळ्याकडचा. आमच्याकडची माणसं चैत्रात उन्हातान्हात पायी जातात तिथल्या देवीच्या गडावर. मी मात्र कॉलेजात गेल्यावर देव सोडला तो सोडलाच.

"मंगळवारले जाई ऱ्हायनात?" तिने विचारलं.

निघायचा दिवस खरोखरच मंगळवार होता. मी मान हलवली.

जाण्याचं कारण बायकोचा गुडघा होता, हेही सांगायला हवं. आठ महिन्यांपूर्वी तिचा उजवा गुडघा बदलला. ऑपरेशन चांगलं झालं, टाके चांगले भरले, डॉक्टर खूश. पण घराबाहेर पडायला ती तयार नव्हती. हॉल ते ओटा, ओटा ते हॉल, एवढंच चालायची. एकदा तापीच्या काठी फिरायला नेलं तर पन्नास पावलांवर थांबली आणि म्हणाली, मागे चला. मागून एक सायकल आली होती, बस्स. फिजिओथेरपीवाली गुजराती मुलगी घरी यायची, ती सारखी सांगायची, "मासी, टाइल्स पर नहि, माटी पर चालो." आमच्या भागात माती आहे कुठे? जिथे आहे तिथे कुणीतरी पाया खणतंय. रात्रंदिवस एकच विचार माझ्या डोक्यात, की ही आता चालायची नाहीच का? मी काळजी करणारा माणूस आहे. बायको म्हणते, तुम्ही काळजीचा रियाज करता.

सोमवारी संध्याकाळी समोरची बाई पिशवी घेऊन आली. आत ओटीचं सगळं सामान होतं. हिरवी साडी, खण, नारळ, गहू, हळकुंड, सुपारी, डझनभर बांगड्या, कुंकवाची पुडी. साडीचे धागे तिने स्वतः कापले होते, एक सुटं टोक दिसत नव्हतं. तिची मुलगी बारडोलीला दिलेली, बाळंतपणासाठी माहेरी आलेली, आठवा लागायचा होता. आधी दोन वेळा गर्भ टिकला नव्हता. या वेळी डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलं होतं. ती आत खाटेवर पडलेली असायची आणि आई दारात बसून कातरी चालवायची, एक डोळा साडीवर, एक आत.

"काकू, आईनी ओटी तुमना हातखाल भरज्यात," ती बायकोला म्हणाली. "तुम्ही सवासीन शेतस. मन्हा हात चालत नही."

मग ती जरा घुटमळली. बायकोकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाली, की तिची जाऊ म्हणते, पिशवीसुद्धा तू बांधू नको, दुसऱ्या कुणाला बांधू दे. पण दुसरं कोण आहे? तिनेच बांधली होती. चालेल का?

एकतीस वर्षांचा मास्तर अंगात शिरला. मी म्हणालो, देवी कुठे विधवा नि सवाष्ण बघते? आई आहे ना ती? तूच बांधलीस ते उत्तम झालं. उलट तुझ्याच हातची पोचायला हवी. जाऊबाईंना माझ्याकडे पाठव, मी समजावतो. दहा मिनिटं तरी बोललो असेन. ती ऐकत होती, मान हलवत होती, आणि जाताना तिचा चेहरा खरंच हलका झाला होता. मला स्वतःचा अभिमान वाटला. देव न मानणारा माणूस देवीच्या वतीने असा ठणकावून बोलत होता आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

ती गेल्यावर बायको म्हणाली, "आता?"

"आता काय, परत येताना गुरुवारी गडावर जाऊ. ट्रॉली आहे वरपर्यंत. पायऱ्याही नाहीत फारशा."

"तिने मंगळवारी सांगितलंय."

"देवीला मंगळवार काय नि गुरुवार काय."

बायकोने पिशवीचं तोंड नीट बांधलं आणि ती गाडीत मागच्या सीटवर ठेवली. खाली नाही, सीटवर.

मंगळवारी उजाडताच निघालो. सापुताऱ्याच्या घाटात मी चाळीसच्या वर गेलो नाही, मागचे सगळे हॉर्न मारून पुढे गेले. वणीच्या फाट्यावर बायकोने मागे वळून सीटवरची पिशवी सरळ केली. डाव्या हाताला गडाची रांग होती, तिच्याकडे मी बघितलं नाही, कारण समोर ट्रक होता. ट्रक नसता तरी बघितलं नसतं.

दुपारी पोचलो. जागा मी समजत होतो तशी नव्हती. मला वाटलं होतं, रंगीत दिवे असतील, तरुण पोरं नाचत असतील, मला तोंड लपवून फिरावं लागेल. तिथे होतं एक कौलारू घर, समोर आंब्याचं झाड आणि नाकात नथ घातलेली एक गावातली बाई, जिने आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. तिनेच वाटांचा नकाशा दिला. तीन वाटा. दोन किलोमीटरची, चारची आणि सहाची. तिन्हींवर लिहिलेलं, "सोपी." वळणावळणावर दगडांना चुन्याचे पट्टे ओढलेले, की माणूस चुकणार नाही.

सोपी म्हणजे कुणासाठी, हे त्या नकाशात नव्हतं. मी लाल पेन काढलं. त्या बाईला विचारून विचारून जिथे बसता येईल अशा जागांवर खुणा केल्या. इथे बांध आहे का? किती उंच? पाणी ओलांडावं लागतं का? कुत्री आहेत का? शेवटच्या प्रश्नाला ती म्हणाली, "काका, कुत्री सगळीकडंच असतात. पण आमची चावत नाहीत."

"फवारणी कधी करता?" मी विचारलं.

"आता काढणी आली. आता कशाला फवारणी?"

उन्हं कलल्यावर आम्ही दोन किलोमीटरच्या वाटेला लागलो. खांद्यावर मी प्लॅस्टिकचं घडीचं स्टूल अडकवलं होतं. जानेवारी संपत आला होता, हवेत बऱ्यापैकी गारवा होता. दोन्ही बाजूंना वेलींच्या रांगा, तारांवर बांधलेल्या, आणि वेलींच्या खालच्या अंगाला काळे घोस, लहान मण्यांचे, गच्च. पाखरांपासून जपायला त्यांच्यावर जाळी ओढलेली. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी एक गुलाबाचं झाड. वेलीवर रोग यायचा असला की तो आधी गुलाबावर दिसतो, म्हणून लावतात म्हणे. मला ते फार पटलं. आपल्या आधी कुणीतरी काळजी करून ठेवतंय, असं कुठे बघायला मिळतं?

बायको पहिली शंभर पावलं माझा हात धरून चालली. मी मोजत होतो. दोनशेवर तिने हात सोडला. वाट मऊ होती, भुसभुशीत नाही आणि टणकही नाही. तीनशेवर ती माझ्या पुढे होती. मी म्हटलं, "बस जरा, खूण आलीय." ती म्हणाली, "तुम्ही बसा." नदी दिसायला लागल्यावर ती थांबली आणि म्हणाली, "पाण्याचा वास येतोय." बस्स, एवढंच. आठ महिन्यांनी ती घराबाहेरच्या कशाबद्दल तरी आपणहून बोलली होती. मी स्टूल उघडलं आणि त्यावर स्वतःच बसलो. मी फार आनंदात होतो, आणि तो आनंद कुणीतरी येऊन काढून घेईल अशी भीतीही तितकीच होती.

परत आलो. ती पडवीत खुर्चीवर पाय वर करून बसली. चेहऱ्यावर ऊन लागल्याचा लालसरपणा होता. तेव्हा फोन वाजला.

"सर, भरी दिधी का ओटी?"

आजही मला ते दोन क्षण आठवतात. आमच्यात आणि तिच्यात दोनशेएक किलोमीटर होते आणि माझ्या समोर भिंतीवर द्राक्षाच्या घोसाचं चित्र होतं. मी म्हणू शकलो असतो, की अजून नाही, गुरुवारी भरणार आहोत. एवढं साधं वाक्य. पण मग तिने विचारलं असतं, मंग आज कुठं शेतस? आणि मी काय सांगितलं असतं? बायकोने माझ्याकडे बघितलं.

"हो, भरली," मी म्हणालो. "छान दर्शन झालं. गर्दी नव्हती."

गर्दी नव्हती! हे कुणी विचारलं होतं? खोटं बोलणारी पोरं मी याच गोष्टीवरून पकडायचो. नको ती माहिती देतात.

पलीकडून तिचा श्वास सुटल्याचा आवाज आला. "चांगलं व्हयनं, सर. पोरना पोटमा सकायपाशीन दुखस. पन आता माले धीर शे." मग तिने मुलीला हाक मारून सांगितलेलं मला ऐकू आलं, की सरांनी ओटी भरली, आता झोप.

बायकोने पाय खाली घेतले. आत गेली. जेवताना मी म्हटलं, अगं, परवा भरणारच आहोत ना. ती म्हणाली, "तिची पोर आज दुखण्यात आहे." एवढंच बोलून ती ताट घेऊन उठली.

बुधवारी सकाळी गुडघा जरासा सुजला होता. मी घाबरलो, बर्फ मागवला. बायको म्हणाली, "आज आत्ता गडावर जाऊ." मी म्हटलं, या गुडघ्यावर? वर रांगेत उभं राहावं लागेल, ढकलाढकली असते. उद्या उतरेल सूज, उद्या जाऊ. आज थोडं सपाटीवर चालू, फिजिओवाली म्हणते ना, बसून राहिलं की जास्त सुजतो. हे सगळं खरं होतं. खरं असूनही ते मी माझ्या सोयीसाठी बोलत होतो, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. काल खोटं बोलल्यावर आज लगेच गडावर धावायचं म्हणजे काल खोटं बोललो हे स्वतःशी कबूल करायचं. ते मला नको होतं.

चार किलोमीटरच्या वाटेला लागलो. दोन जायचे, दोन यायचे. त्या वाटेवर बागेत माणसं काम करत होती. एक बाई प्रत्येक रांगेतून एकेक मणी तोडत होती, एका नळीसारख्या यंत्राच्या काचेवर पिळत होती आणि डोळ्याला लावून उजेडाकडे बघत होती. किती गोडी भरली ते त्यात दिसतं. तिने बायकोला एक मणी खायला दिला. बायको म्हणाली, "आंबट आहे आणि बिया केवढ्या." ती बाई म्हणाली, "खायची नाहीत ही, आजी. यांना अजून चार दिवस पाहिजेत. आधी तोडली तर सगळं वाया." मला एरवी असल्या गोष्टींत रस वाटला असता, मी वही काढली असती. पण माझं सगळं लक्ष खिशातल्या फोनकडे. मध्येच तो काढून बघायचो, की रेंज आहे का. रेंज नसेल तर बरं, असंही वाटायचं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटायची.

बायको पुढे चालत होती. आज ती मला टाळण्यासाठी चालत होती आणि त्यामुळे फार छान चालत होती. पाऊल टाच टेकवून पडत होतं, फिजिओवाली सांगायची तसं. या वाटेवर मला हेच हवं होतं, याच्यासाठी इतका आटापिटा केला होता, आणि आता ते डोळ्यांपुढे घडत असताना मला त्यात जरासुद्धा गोडी वाटत नव्हती.

वाटेच्या टोकाला नदी वळते. तिथे पाण्यालगत मोठे काळे खडक आहेत आणि एका खडकावर चुन्याने बाण काढलाय, परत फिरण्यासाठी. आम्ही तिथे बसलो. गाडी तिथून दोन किलोमीटरवर, कौलारू घराशी. मधे फक्त वेली. फोन वाजला तेव्हा साधारण अकरा झाले असतील.

तिचाच होता. आवाज ओळखू येईना इतका खाली गेलेला. पहाटे मुलीचं पाणी गेलं. दवाखान्यात नेलं, ऑपरेशन केलं. मुलगी शुद्धीवर आहे. बाळ मुलगी आहे, पण फार लहान, काचेच्या पेटीत ठेवलंय. डॉक्टर म्हणतात, आज आणि उद्या काही सांगता येत नाही.

मी म्हटलं, जगेल, मोठी होईल, हल्ली खूप सोयी आहेत. जे म्हणतात ते म्हटलं.

मग ती म्हणाली, "मन्हा हात लागाले नको व्हता, सर."

"काय?"

"जाऊ सांगे, मी आयकं नही. पिशवी मी बांधी. ओटी भरी दिधी तरी आईनी घिदी नही. मन्हा हात लागेल व्हता ना तिले."

मी तिथल्या तिथे शिकवायला लागलो. असं काही नसतं. हा योगायोग आहे. अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं होतात, त्याला वैद्यकीय कारणं असतात. तुझा काय दोष? तू आई आहेस. परवा जे बोललो होतो तेच सगळं, त्याच शब्दांत. बोलता बोलता मला माझाच आवाज ऐकू येत होता आणि तो प्रभातफेरीतल्या घोषणांसारखा वाटत होता.

"तुम्ही शिकेल मानसं, सर," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

मी बायकोला सगळं सांगितलं. सांगताना हातवाऱ्यांत फोन खाली पडला, खडकावरून घरंगळला, सुदैवाने वाळूत. बायकोने ऐकून घेतलं. मी म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता गडावर जाऊ. दोन-तीन तासांत पोचू. ओटी भरू. मग सगळं बरोबर होईल.

"काय बरोबर होईल?"

"भरली म्हणून सांगितलंय ना, मग भरलेली होईल."

"आणि ती?" बायको म्हणाली. "ती जन्मभर काय म्हणत बसेल? माझ्या हातामुळे. त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर? तुम्ही गड चढाल नि उतराल, तिच्या डोक्यातून ते निघणार आहे का?"

"पण आता सांगून..."

"तिला सांगा."

"अगं, ती दवाखान्यात बसलीय, तिच्यावर काय प्रसंग आलाय, त्यात मी हे सांगू?"

बायको गुडघ्यावर हात ठेवून नदीकडे बघत बसली. मी उठलो, बसलो, पुन्हा उठलो. मला कशाची भीती वाटत होती ते स्पष्टच सांगतो. तिच्या दुःखाची नाही. मला भीती होती ती समोरच्या दाराची. रोज सकाळी दार उघडलं की ती दिसणार. आजवर "सर" म्हणून उठून उभी राहणारी ती बाई मान वर न करता कातरी चालवत राहणार. लिंबायतपर्यंत गोष्ट जाणार. दारूविरुद्ध घोषणा देणारा मास्तर वाइनच्या बागेत बसून देवीच्या नावाने खोटं बोलला, आणि इकडे बाळ पेटीत. एकतीस वर्षं मी जे काही होतो ते सगळं एका फोनवर जाणार होतं. आणि दुसऱ्या बाजूला ती बाई स्वतःच्या हातांकडे बघत बसली होती. ज्या हातांनी तिने साडीचा एकही धागा सुटा ठेवला नव्हता.

मी फोन लावला. तीन वेळा वाजून बंद झाला. चौथ्यांदा उचलला.

मी सुरुवात शुद्ध मराठीतच केली होती. "हे बघ, मला तुला एक सांगायचंय," असं काहीतरी. पुढचं निघेना. आमच्या शाळेत वर्गात अहिराणी बोलायची नाही, हा नियम मीच केला होता. त्या खडकावर उभं राहून मला शुद्ध मराठीत खरं बोलता येईना.

"ओटी गाडीमाच शे," मी म्हणालो. "आम्ही गडवर गऊतच नही. मी खोटं बोलनू."

पलीकडे दवाखान्यातला आवाज, कुणीतरी गुजरातीत नंबर पुकारत होतं. मी फोन कानाला दाबून धरला. आता ती काय बोलेल ते सगळं मी मनात आधीच ऐकलं होतं, आणि ते ऐकून घ्यायचं, मध्ये एक शब्द बोलायचा नाही, असं ठरवलं होतं. मी आम्ही कुठे आहोत तेही सांगितलं. द्राक्षाच्या बागेत, वाइनच्या. तेही राहू नये म्हणून.

ते तिने ऐकलंच नसावं.

"म्हंजे मन्हा हातमुये नही?" ती म्हणाली.

"नही."

"खरं सांगतस?"

"तुन्हा हातमुये नही. ओटी गाडीमा शे. जशी बांधी तशीच शे."

तेव्हा ती रडली. मोठ्याने, तोंडावर काही न धरता, दवाखान्यात सगळ्यांसमोर. मी नदीकाठी उभा राहून ऐकत होतो. बायको माझ्या तोंडाकडे बघत उठून उभी राहिली. बाळाचं काही झालं, असं तिला वाटलं असणार. मी हाताने नाही, नाही, अशी खूण केली.

मग रडणं एकदम थांबलं.

"मंग गडवरनी आईले आजून कोनी सांगेलच नही!" ती म्हणाली. तिच्या आवाजात काहीतरी परत आलं होतं, मी ते सोमवारनंतर ऐकलं नव्हतं. "तिले माहीतच नही ना, सर! तिनी नही म्हनेल नही आजून! जा ना मंग. काकूले ली जा. झटकन जा!"

मी बायकोला सांगायला वळलो. ती वाटेला लागली होती, दोन रांगा पुढे, काठी नाही, हात नाही. मी तिला थांब म्हणून हाक मारली नाही.